पाठीमागचा तणमोर

भाऊ दुर्बीण परत करायला आले तेव्हा मी अंगणात बसून चपलेच्या तुटलेल्या अंगठ्याशी झटापट करत होतो. त्यांनी दुर्बीण गळ्यातून काढली, पट्टा नीट गुंडाळला आणि शेजाऱ्याचं खेळायला आणलेलं लेकरू परत करावं तशी माझ्या मांडीवर ठेवली.

“मास्तर, हे तुमच्यापाशी राहू द्या. मी काई आता येत नाई.”

“काऊन जी? काय झालं?”

“आँ?”

मी ओरडून विचारलं. समोरच्या घराची खिडकी उघडली आणि दोन डोकी बाहेर आली. भाऊंनी त्या डोक्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“हेच झालं,” ते म्हणाले.

भाऊ आमच्या सावली गावातले शिंपी. शिवणयंत्रावर त्यांचं पोट आणि क्लॅरोनेटवर जीव. मिसरूड फुटल्यापासून ते लग्नाच्या बँडमध्ये वाजवत आले, जयंतीच्या मिरवणुकीत तर त्यांच्याशिवाय गाणं सुरूच होत नसे. मागे ढोल, बाजूला ताशा, डोक्यावर भोंगा, असं सगळं आयुष्य काढल्यावर उतारवयात कान थकले. आधी बारीक आवाज गेले. पक्ष्यांतला शिंजीर गेला, मग नाचरा, मग तांबट. कानाला मशीन लावून पाहिली, तर पक्षी सोडून घरातली सगळी भांडी ऐकू यायला लागली. ती मशीन आता टेपपट्टीच्या डब्यात असते.

मी भूगोलाचा मास्तर. आता निवृत्त आहे, पण गावात मास्तर कधी निवृत्त होत नाही. आम्हा दोघांचा छंद एकच: सकाळी तलावाच्या पाळीवरून जंगलाच्या कडेपर्यंत जायचं आणि पक्षी बघायचे. बघायचे म्हणतो ते आपलं बोलायची रीत म्हणून. झाडीतला पक्षी दिसतो कुठे? मोहाच्या पानाआड तो बसलेला असतो, आणि आपल्या वाट्याला येतो तो त्याचा आवाज. भाऊ तो आवाज उचलायचे, सूर लावून बघायचे, नाव सांगायचे, फांदी दाखवायचे. मी दुर्बीण लावायचो आणि “वा” म्हणायचो. माझे कान ठणठणीत आहेत. त्यांना सगळं ऐकू येतं आणि काहीही कळत नाही. कोकिळेच्या पलीकडे मला हा कोण, तो कोण, ओळखता येत नाही; सगळे आपले चिवचिव.

बसायची आमची पद्धत इकडच्या सगळ्यांचीच, म्हणजे पाठीला पाठ लावून. मोहफुलं वेचणाऱ्या बाया असोत, गुराखी असोत, जंगलात विसावा घ्यायचा तर एकाने या तोंडाने बसायचं, दुसऱ्याने त्या. वाघ मागून येतो. दोघांच्या पाठी जुळल्या की कोणालाच मागची बाजू उरत नाही. आणि बोलायचं नाही. काही दिसलंच तर कोपराचा एक टोला. टोला बसला की दुसऱ्याने हलायचं नाही, मान वळवायची नाही, श्वाससुद्धा हप्त्याने घ्यायचा. एकदा भाऊंच्या अशा टोल्यामुळे एक अस्वलीण आणि तिची पिल्लं आमच्या बाजूने निवांत निघून गेली होती. तेव्हापासून त्या कोपरावर माझा देवापेक्षा जास्त विश्वास.

तर दुर्बीण परत येण्याच्या आदल्या सकाळी नवरंग बोलला होता. पावसाळ्याच्या तोंडाशी येणारा हा पाहुणा, दोन सुरांची स्वच्छ शीळ घालतो, इतकी स्वच्छ की मलासुद्धा ओळखता येते. मी उत्साहाने समोरच्या बांबूकडे बोट दाखवलं.

“वाजून राह्यला काय?” भाऊंनी विचारलं.

“वाजतोय ना.”

ते त्या बांबूकडे तोंड करून बराच वेळ उभे राहिले. अनोळखी माणसाच्या लग्नात फोटोसाठी उभं राहावं तसे, अदबीने. मग म्हणाले, “चला, दुकान उघडा लागते.” आणि दुसऱ्या दिवशी दुर्बीण माझ्या मांडीवर.

मला त्या रात्री जेवण गेलं नाही. बायको म्हणाली, “भाऊजी नाई आले तं तुमी एकटे जा.” एकटा जाऊन करू काय? तलावाच्या पाळीवर उभा राहून चिवचिव ऐकू? खरं सांगायचं तर भाऊंपेक्षा मलाच जास्त धास्ती पडली होती. माझी सगळी विद्या त्यांच्या कानात होती.

अशा वेळी वाशीमकडच्या माझ्या साडूने मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला. उंच हिरवं गवत, मागे ढगाळ आभाळ, आणि त्या गवतातून एक काळा-पांढरा पक्षी बंदुकीच्या गोळीसारखा सरळ वर उडाला, डोक्यामागच्या शेंड्या हवेत झुलल्या, पंख फडफडले आणि तो पुन्हा गवतात बुडाला. थोड्या वेळाने पुन्हा वर. खाली साडूने लिहिलं होतं: ‘आमचा तणमोर. या पाहाले.’ कोणीतरी हौशीने त्यावर एक हिंदी गाणं चढवलं होतं, त्यामुळे उडी नेमकी ढोलकीच्या ठेक्यावर पडत होती.

माझ्या डोक्यात उजेड पडला. हा पक्षी ऐकायचा नाही, बघायचा! झाडी नाही, पानं नाहीत, फांदी शोधायची भानगड नाही. गवताच्या वर येतो आणि म्हणतो, बघा. मी तसाच मोबाइल घेऊन भाऊंच्या दुकानात.

भाऊंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि व्हिडिओ पाहिला. पुन्हा पाहिला. पायाखालची मशीन थांबली.

“हा काऊन उड्या मारून राह्यला?”

“मादीला दिसावा म्हणून,” मी ओरडलो.

“मंग उडून तिच्यापाशीच काऊन नाई जात?”

याचं उत्तर मला माहीत नव्हतं, पण मास्तर कधी तसं सांगतो का? म्हटलं, “स्वभाव असतो एकेकाचा.”

“अन् आवाज?”

इथे मी जे बोललो ते पुढे मला चांगलंच भोवलं. छाती पुढे काढून मी म्हणालो, “आवाज नाहीच भाऊ! मुका पक्षी आहे. म्हणून तर बिचारा उड्या मारतो.”

भाऊंना हे फार पटलं. मुका पक्षी आणि बहिरा बघणारा, त्यांना हसूच आलं. मग गंभीर होऊन म्हणाले, “एक डाव जाऊ. दिसला तं ठीक. नाई दिसला तं दुर्बीण तुमची, अन् मले सकाळी आवाज द्यायचा नाई. कबूल?”

मी कबूल केलं आणि घरी येईपर्यंत मला घाम फुटला. कारण गवताळ प्रदेश मी जन्मात पाहिला नव्हता.

शिकवला मात्र भरपूर होता. प्रेअरी, पंपास, स्टेप, सॅव्हाना. पोरांकडून घोकून घेतले, टिपा लिहायला लावल्या, ‘गवताळ प्रदेशातील लोकजीवन’ यावर कितीतरी पेपर तपासले. पण माझा जन्म धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, आणि बांधीच्या पलीकडे लगेच सागाची झाडी. माझ्या लेखी गवताळ प्रदेश म्हणजे ज्यातली झाडं कोणीतरी तोडून नेली आहेत असं जंगल. त्याच समजुतीने मी सहलीची आखणी करायला बसलो.

पहिल्यांदा मोबाइलवर उपग्रहाचा नकाशा उघडला. आमच्याकडे जिथे गडद हिरवं तिथे पक्षी. त्या हिशोबाने वाशीमच्या उघड्याबोडक्या तपकिरी पसाऱ्यात सगळ्यात गडद हिरवा ठिपका शोधला, त्यावर खूण केली आणि साडूला पाठवली. वर लिहिलं, ‘अभ्यासाअंती ही जागा निवडली आहे.’

साडूचा लगेच फोन. “साडूभाऊ, हे तं संत्र्याचा बगीचा होय. माह्या चुलतभावाचा. कुंपण हाये त्याले. संत्री पाह्यची हायेत काय तुमाले?”

“मग माळरान कुठे आहे?”

“तुमी जे तपकिरी म्हणून सोडून देलं ना, ते सारं.”

मग मी पाणवठा विचारला. आमच्याकडे उन्हाळ्यात मचाणावर बसून जनावरं पाहतात ती पाणवठ्यावर, कारण प्यायला त्यांना यावंच लागतं. साडू म्हणाला, “पावसाळ्यात येऊन राह्यले ना तुमी? तं पाणी चहूकडेच असते. अन् मचाण बांधाले झाड तुमी सोबत आणसान.”

हे तो चेष्टेत बोलला, पण मी झाडाचा प्रश्न मनावर घेतला. आडोसा नाही म्हणजे पक्षी आपल्याला बघणार. म्हणून शेजारच्या ढीवर घरातून एक जुनं, टाकून दिलेलं मासोळीचं जाळं मागून आणलं. त्याच्या घराघरांत सागाची पानं खोवली. दोघांनी पांघरून बसलं की झुडूप दिसेल अशी योजना. अंगणात पांघरून बघितलं तर खरंच झुडूप वाटलं. फक्त मासोळीचा वास येत होता.

“हे घेऊन गाडीत बसान?” बायकोने नाकाला पदर लावून विचारलं. रोवणीचे दिवस होते, सगळं गाव चिखलात वाकलेलं होतं आणि हिचा नवरा जाळ्यात पानं खोवत बसला होता. “लोकं काय म्हन्तीन?”

लोक म्हणतच होते. चहाच्या टपरीवर बातमी पोचली होती की मास्तर आणि शिंपीभाऊ वाशीमकडे तणमोराच्या शिकारीला निघाले. पूर्वी तिकडे बंदुका घेऊन तितर-बटेर मारायला लोक जात, तणमोरही मारत, तेवढंच जुन्या माणसांना आठवत होतं. आता शिकारीला बंदी आहे, तणमोर तर संपत आलाय, हे सगळं मी टपरीवर अर्धा तास समजावलं. सगळ्यांनी ऐकून घेतलं. मग एकाने भाऊंना विचारलं, “भाऊ, आमच्यासाठी एक तंगडी आणसान ना?”

भाऊंना यातलं काहीच ऐकू आलं नव्हतं. पण गेल्या वर्षभरात त्यांनी एक युक्ती शोधली होती: माणूस हसून बोलला की हसून हो म्हणायचं. ते प्रसन्नपणे म्हणाले, “हो जी, आनतो ना! काऊन नाई?”

दुसऱ्या दिवशी वनरक्षक दारात. ओळखीचाच पोरगा, माझ्याच हाताखाली शिकलेला, त्यामुळे बिचारा जास्तच अवघडलेला.

“सर, तसं काई नाई, पण ऐकलं की तुमी शिकारीले चालले.”

“अरे, मी? तुला वाटतं मी?”

“नाई सर, तुमच्याबद्दल नाई वाटत. पण भाऊ सगळ्यायले मटण आनतो म्हणून सांगून राह्यले.” त्याची नजर कोपऱ्यातल्या जाळ्यावर गेली. “अन् सर, हे जाळं?”

जाळं पांघरून दाखवावं लागलं. पानांतून डोकं बाहेर काढून मी त्याला तणमोराबद्दल सांगितलं. तो हसला नाही, हे त्याचे संस्कार. जाताना एवढंच म्हणाला, “सर, तिकडं साग नसते. सागाचं झुडूप पाहून पक्षी जास्तच भ्येईन.” मला वाटलं, याला काय कळतं.

आणखी एक शंका उरली होती, ती मी रात्री हळूच साडूला फोन करून विचारली. भाऊंना सांगायची लाज वाटत होती. “गवत किती उंच असतं?”

“कंबरेवरी.”

“आणि त्यात… जनावर?”

“कोणतं जनावर?”

“म्हणजे आपला… मोठा.”

साडू इतका हसला की फोन त्याच्या बायकोने घेतला. “भाऊजी, इथी वाघ नाई. कोल्हा असला तं असला. तोही तुमाले पाहून पळते.” ते मला पटलं. पायांना पटायचं होतं.

बल्लारपूरहून गाडी सुटते म्हणून जागेसाठी तिथे जाऊन बसलो. जाळं पिशवीत, पिशवी बाकाखाली, आणि आमच्या डब्यातली माणसं एकमेकांच्या टोपलीकडे संशयाने बघत. भाऊ खिडकीशी. वर्धा मागे पडली तशी झाडं मागे राहायला लागली. मग टेकड्यासुद्धा दमून बसल्या. एका ठिकाणी भाऊ म्हणाले, “मास्तर, आभाळ पाहा किती मोठं हाये!” आभाळ सगळीकडे तेवढंच असतं, फक्त आमच्याकडे झाडं त्याला खाली येऊ देत नाहीत. मी भूगोलाच्या पुस्तकात ‘विस्तीर्ण’ हा शब्द फार वेळा वापरला होता. तो शब्द आत्ता कुठे मला दिसत होता.

गाव सांगणार नाही. अशा पक्ष्याचा पत्ता छापत नसतात. सकाळी साडूने जीपने आम्हाला माळावर आणलं. ढग खाली आलेले, वारा मंद, आणि नजर जाईल तिथवर गवत. ते वाऱ्याने एका बाजूला निजत होतं आणि उठत होतं. भाऊ दुर्बीण गळ्यात घालून उभे. मी गवताच्या कडेला गेलो आणि तीनदा जोरात टाळ्या वाजवल्या. मग खाकरलो. मग “हो-हो-हो” अशी आरोळी दिली.

साडूने कपाळाला हात लावला. “काय करून राह्यले?”

“जनावराला सांगून राह्यलो. आपण आलो म्हणून.”

आमच्याकडे गवतात पाय टाकायच्या आधी हे करतातच. आवाज झाला की वाघ-अस्वल आपणहून बाजूला होतं. न सांगता गवतात शिरणं म्हणजे दार न वाजवता दुसऱ्याच्या घरात शिरण्यासारखं.

“अहो, कोण्या जनावराले? ज्याले पाहाले आलो त्यालेच पळवून राह्यले तुमी!” दूर गवतातून तितर फडफडत उठले आणि पलीकडे गेले. तेवढ्यात मागून भुंकणं ऐकू आलं. गावातली चार-पाच कुत्री जीपच्या मागे धावत आली होती, थेट माझ्या पिशवीपाशी. जाळं. मासोळी. साडूने ती पिशवी माझ्या हातातून काढून घेतली आणि जीपमध्ये टाकली. कुत्र्यांनी जीपभोवती घोळका केला.

“मी या कुत्र्यायले घेऊन गावात जातो,” साडू म्हणाला. “तुमी या धुऱ्यावर बसा. गवतात उतरू नका, त्याचे जोडीचे दिवस हायेत. टाळ्या नाई, आरोळ्या नाई. बसा फक्त.”

जीप गेली, मागे कुत्री गेली. धुऱ्यावर आम्ही दोघं उरलो, शेताच्या त्या उंचवट्यावर, चहूकडे गवताचा समुद्र. आणि बसलो. कसे बसलो हे आम्ही ठरवलं नाही. बूड टेकताना पाठी आपोआप जुळल्या. भाऊंचं तोंड उगवतीकडे, माझं मावळतीकडे.

वेळ गेला. गवतातून मुंग्या आल्या, माझ्या पायजम्यात शिरल्या, मी त्यांना शिरू दिलं. भाऊंचा श्वास माझ्या पाठीला लागत होता. माझ्या मनात एकच: दिसू दे रे बाबा. याला दिसू दे, नाहीतर उद्यापासून माझी सकाळ संपली. माझ्यासमोर गवत होतं आणि त्यात काही नव्हतं. टिटवी ओरडून गेली, ती ओळखली, बरं वाटलं. मागे कुठेतरी बेडूक ओरडला. टर्र. जरा वेळाने पुन्हा, टर्र. पावसाळ्यात बेडूक ओरडतो यात काय विशेष? आमच्या बांधीत रात्रभर हजारो असतात, त्यांच्याशिवाय झोप येत नाही. मी त्याच्याकडे लक्षच दिलं नाही.

आणि मग बसला. कोपराचा टोला, बरगडीखाली, चांगला जोरात.

मी गोठलो.

साडू काय म्हणाला, त्याची बायको काय म्हणाली, सगळं पुसलं गेलं. कोपर खोटं बोलत नाही. मागे काहीतरी होतं. मी मान वळवली नाही, पापणी हलवली नाही, पायजम्यातल्या मुंगीलासुद्धा मनातल्या मनात थांब म्हटलं. पुन्हा टोला. म्हणजे जवळ येतोय. माझ्या पाठीला भाऊंची पाठ थरथरताना जाणवत होती. भाऊ भितात म्हणजे काय असेल! मी मुलांचे चेहरे आठवले, घराच्या पट्ट्याचे कागद कुठे ठेवले ते आठवलं, बायकोला रोवणीत सोडून आलो याचा पश्चात्ताप केला. तो मूर्ख बेडूक मात्र मागे टर्र, टर्र करतच होता. मला त्याचा हेवा वाटला. बेडकाला वाघाचं भय नसतं. पुन्हा टोला. पुन्हा टोला. मी डोळे मिटून घेतले.

मग थेंब पडायला लागले. भाऊंची पाठ माझ्या पाठीपासून सुटली.

“मास्तर!” ते ओरडले. बहिरा माणूस कुजबुजायला गेला तरी ओरडतो. “पाह्यलं काय?”

मी हळूहळू वळलो. भाऊंच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तोंडभर हसू. थरथरत होते ते हसू दाबण्यासाठी.

“काय पाहायचं? गेला का तो?”

“कोण?”

“वाघ!”

“वाघ कुठचा जी? तणमोर! इथी, माह्यासमोर! असा वर, अन् खाली. असा वर, अन् खाली. मी तुमाले टोले मारून राह्यलो, मारून राह्यलो. तुमी काऊन नाई वळले?”

मी का नाही वळलो हे त्यांना समजायला एक क्षण लागला. मग शिंपीभाऊ धुऱ्यावर मागे आडवे झाले आणि पावसात, आभाळाकडे तोंड करून, इतके हसले की माझ्या मनात आलं, आता हा माणूस पुन्हा कधी उठून बसेल की नाही. मी दुर्बीण घेऊन त्या दिशेला बघत राहिलो. पावसाने गवत झोपवलं होतं. वर काहीही आलं नाही.

संध्याकाळी साडूकडे ज्वारीची भाकरी आणि ठेचा. भाऊ तिसऱ्यांदा उडीचं वर्णन करत होते, मूठ ताटावरून वर नेऊन खाली आणत होते. साडू मला म्हणाला, “बरं, तुमाले दिसला नाई, पण आवाज तं ऐकू आला असंल?”

“कसला आवाज? तो मुका असतो ना?”

“मुका? कोण म्हणते? उडी मारली का टर्र करते. बेडकावानी. लांबवरून ऐकू येते.”

माझ्या हातातला घास हातातच राहिला. साडूने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि शहाण्यासारखा ठेचा वाढायला लागला. भाऊंना काहीच ऐकू गेलं नव्हतं. त्यांना मी ते सांगितलं दुसऱ्या दिवशी, परतीच्या गाडीत, अकोला सोडल्यावर. कानाशी तोंड नेऊन सगळं सांगितलं, मुका म्हणालो होतो तेही.

त्यांना राग येईल असं वाटलं. ते सावरून बसले.

“म्हणजे तुमाले तो पुरा ऐकू आला?”

“पुरा. सुरुवातीपासून शेवटपर्यंत.”

“मंग सांगा ना. कसा वाजते तो?”

इतकी वर्षं मी या माणसाला विचारत आलो, भाऊ, हा कोण, तो कोण. मी त्यांच्या कानात टर्र केलं. “जोरात,” ते म्हणाले. मी जोरात केलं. समोरच्या बाईने आपली टोपली जवळ ओढली. “कोरडा की ओला? घशातून की टाळूतून?” मी कोरडा केला, ओला केला, घशातून केला. एका टर्रला त्यांनी हात वर केला. “हा. असा असंल.”

मग त्यांनी मूठ गुडघ्यावर ठेवली. “अन् कुठी वाजते? वर जातानी, का वरती गेल्यावर, का खाली येतानी?”

ते मला कसं माहीत असणार? मी पाठ करून बसलो होतो.

“असं करू. मी उडी दाखवतो, तुमी वाजवा,” भाऊ म्हणाले आणि मूठ वर नेली. मी टर्र केलं. त्यांनी मान हलवली. “उशिरा येऊन राह्यलं तुमचं. लयीत नाई.”

“तुम्हाले काय माहीत? तुम्ही ऐकलं काय?”

“अन् तुमी पाह्यलं काय?”

आता कोण सांगणार? वर्धा येईपर्यंत त्यांची मूठ वर-खाली होत होती आणि माझा बेडूक कधी आधी, कधी नंतर वाजत होता. दोनदा तो बरोब्बर मुठीच्या टोकावर पडला, तेव्हा भाऊ थबकले, डोळे बारीक करून खिडकीबाहेर पाहत राहिले आणि मग म्हणाले, “नाई. हे काई असं बसून समजत नाई.”

सावलीच्या स्टँडवर उतरलो तेव्हा टपरीवरून कोणीतरी तंगडीबद्दल विचारलं. भाऊंनी हसून हो म्हटलं आणि दुकानाच्या वाटेला लागले, चालता चालता एका हाताची मूठ अजूनही वर-खाली होत होती.

घरी बायकोने पाय धुवायला पाणी दिलं. “दिसला काय?”

“भाऊंना दिसला.”

“अन् तुमाले?”

“मला ऐकू आला.” मी तिला टर्र करून दाखवलं.

तिने मागच्या बांधीकडे बोट केलं. तिथे संध्याकाळचे सगळे बेडूक एकदम सुरू झाले होते. “हे ऐकाले वाशीमले जा लागते काय?” मग पिशवी रिकामी करता करता तिने तळाशी हात घातला. “जाळं कुठी गेलं?”

“साडूच्या गावच्या कुत्र्यांकडे.”

“अन् दुर्बीण?”

“भाऊंच्या गळ्यात.”